इंजिन आपल्या पसंतीचे

हंफ्री एंडकॉट दिवसभर लोकांना एकच प्रश्न विचारत असे. "हे बरं दिसतं, की हे?" मग भिंग बदलून, "आणि आता? हे, की मघाचं?" गिऱ्हाईक गोंधळलं की तो धीर देई, "घाई नाही. चुकीचं उत्तर असं इथं नसतंच." डेव्हनमधल्या त्या छोट्या बाजारगावात त्याचं चष्म्याचं दुकान चांगलं चाले, आणि ते त्याला शोभेही, कारण तिथं निवड करायची ती नेहमी समोरच्यानं. हंफ्रीनं स्वतः आयुष्यात फारसं काही निवडलं नव्हतं. घर त्याच्या बायकोनं, रोझलिंडनं निवडलं होतं. पडदेही तिनंच. आणि तिच्या म्हणण्याप्रमाणे नवराही तिनंच निवडला होता, कारण हंफ्रीवर सोडलं असतं तर ते दोघं अजून पहिल्या भेटीतल्या हॉटेलात मेनू वाचत बसले असते.

हे सगळं तिच्या आईला, म्हणजे विनिफ्रेडबाईंना, पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. विनिफ्रेडबाई तरुणपणी डोंगर चढायच्या मोटारशर्यतीत भाग घ्यायच्या. आता एकोणऐंशीव्या वर्षी गुडघा सोडला तर त्यांचं काहीही कुरकुरत नव्हतं. जावयाबद्दल त्यांचं मत त्या त्याच्यासमोरच सांगत. "मुलगा वाईट नाही. फक्त त्याला चहा की कॉफी विचारलं, तर उत्तर येईपर्यंत दूध नासतं."

तर एका रविवारी दुपारी, भाजलेल्या मटणावर पुदिन्याची चटणी घेता घेता, विनिफ्रेडबाईंनी जाहीर केलं की त्या लग्न करताहेत. नवरदेव बर्नर्ड, मेंढ्यांच्या लिलावात बोली पुकारणारे, आता निवृत्त झालेले, दरीपलीकडच्या नेदरकूम गावात राहणारे. लग्न तिथल्याच चर्चमध्ये, सप्टेंबरात.

"आणि मी छप्पर असलेल्या गाडीतून जाणार नाही," त्या म्हणाल्या. "पहिल्या लग्नाला गेले होते तशा गाडीतून. प्रेतयात्रेसारखं वाटलं होतं."

"आई, उघडी गाडी आता भाड्यानं—"

"मी नेतो तुम्हाला," हंफ्री म्हणाला.

दोघी त्याच्याकडे बघायला लागल्या. हंफ्री स्वतःही जरा दचकलाच.

"कशातून?" विनिफ्रेडबाईंनी विचारलं.

"मी गाडी बांधतोय," हंफ्री म्हणाला. हे खरं नव्हतं. खरं एवढंच होतं की गाडीच्या सुट्या भागांचा संच विकणाऱ्या एका कंपनीचं माहितीपत्रक गेली चार वर्षं त्याच्या टेबलाच्या खणात होतं. लांब नाक, उघडी चाकं, दार नाही, छप्पर नाही, दोन माणसं जेमतेम मावतील अशी ठेंगणी, फुलासारखी हलकी स्पोर्ट्‌स कार. ज्यांना इतक्या वर्षांत त्याच्याबद्दल एक चांगला शब्द बोलावासा वाटला नव्हता, त्या बाई तिच्यात बसून चर्चच्या दाराशी उतरताहेत, हे चित्र हंफ्रीला त्या क्षणी इतकं स्वच्छ दिसलं की भिंग बदलायची गरजच उरली नाही.

"बघू," विनिफ्रेडबाई म्हणाल्या, आणि त्यांनी बटाटा वाढून घेतला. "पण हंफ्री, धापा टाकणारी गाडी असेल तर मी चालत जाईन. आणि अर्ध्या वाटेत उतरावं लागलं तर तुझ्याशी पुन्हा बोलणार नाही."

संच आला तेव्हा तो चौदा खोक्यांत होता. सांगाडा होता, पत्रे होते, चाकं होती, दिवे होते, सुकाणू होतं. इंजिन नव्हतं. पत्रकाच्या शेवटी बारीक अक्षरात लिहिलं होतं : 'इंजिन आपल्या पसंतीचे.'

पसंतीचे! हंफ्रीनं हे शब्द तीनदा वाचले. जगातल्या कुठल्याही माणसाला असं वाऱ्यावर सोडू नये.

शेजारचे मिस्टर ट्रेविन हे नौदलातले निवृत्त इंजिनिअर. त्यांना खोक्यांचा वास कुंपणापलीकडून लागला.

"जुन्या घरगुती गाडीचं चार सिलिंडरचं बसव," ते चहाचा मग हातात घेऊन गॅरेजच्या दारात उभे राहून म्हणाले. "ओतीव लोखंडाचं. बंद पडलं तर हातोडीनं सुरू होतं."

"पण ते जड असतं ना?"

"जड असतं म्हणूनच जागेवर राहतं. हलकी इंजिनं, हलकी माणसं. मी काही नाव घेत नाही."

मॉरीन लस्कम ही रस्त्याच्या टोकाला राहणारी गवळीण. दीडशे गाई, एक ट्रॅक्टर, आणि समोरच्या प्रत्येकाला, मग तो बिशप असो नाहीतर बैल, 'राजा' म्हणायची सवय. तिचं मत वेगळंच होतं.

"विजेची मोटर लाव, राजा. आवाज नाही, धूर नाही. माझ्या गाई दचकून दूध चोरणार नाहीत."

"बॅटरी फार वजनदार होते," हंफ्री म्हणाला.

"मग पुढच्या बाजूला गाय बांध. ती ओढेल. मी भाड्यानं देते."

संच विकणाऱ्या कंपनीतल्या फोनवरच्या पोराचं म्हणणं, की एक जुनी जपानी दोन आसनी गाडी अख्खी विकत घ्यावी, तिचं इंजिन काढून ह्यात घालावं आणि उरलेली गाडी विकून टाकावी. हे ऐकून रोझलिंड म्हणाली, "म्हणजे एक गाडी बांधायची म्हणून दुसरी मोडायची. मग ती मोडलेली बांधायला तिसरी. मला हे कळलंय, हंफ्री. तू ससे पाळतोयस."

हंफ्रीनं मग शास्त्रशुद्ध मार्ग धरला. शक्ती भागिले वजन. भागाकार कधी भावनेच्या आहारी जात नाही. प्रत्येक इंजिनाची अश्वशक्ती घ्यायची, गाडीच्या एकूण वजनानं भागायची, जो आकडा मोठा तो जिंकला. अडचण एवढीच की आकडा मोठा करायचे रस्ते दोन : वरचा वाढवा, नाहीतर खालचा घटवा. ट्रेविनचं इंजिन खालचाच मजला अडवणारं, तर विजेची मोटर दोन्ही मजल्यांवर हातपाय पसरणारी. हंफ्री तीन आठवडे भागाकार करत होता, आणि सांगाडा गॅरेजात रिकाम्या पोटानं वाट बघत होता.

तोडगा निघाला चर्चमध्ये. नेदरकूमच्या धर्मगुरू फिलिपा लग्नाचं बोलायला आल्या त्या मोटारसायकलवरून. काळं कातडी जाकीट आणि त्याच्या गळ्याशी पांढरी पट्टी. हंफ्रीनं त्यांच्या पुढ्यात तिन्ही पर्याय ठेवले.

"मोटारसायकलचं इंजिन!" फिलिपाबाई डोळे चमकवत म्हणाल्या. "गिअरबॉक्स त्याच्याच पोटात. सगळं मिळून एका माणसाएवढं वजन. मिनिटाला अकरा हजार फेरे. हंफ्री, ते ओरडतं ना, तेव्हा देव आहे याबद्दल मला एरवी येते तीही शंका राहत नाही."

हंफ्रीनं त्याच रात्री भागाकार केला. आकडा इतका मोठा आला की त्यानं तो दोनदा तपासला. आणि मग, कुणालाही न विचारता, "हे बरं की ते" एकदाही न पुटपुटता, त्यानं मोटारसायकलचं इंजिन मागवलं. झोपताना त्याचे कान तापले होते. निवड करणं असं असतं तर!

इंजिन आलं आणि गॅरेजात जागा नसल्यानं आठ दिवस जेवणाच्या टेबलावर राहिलं. रोझलिंडनं त्याला घरातला तिसरा सदस्य मानून त्याच्याखाली टेबलमॅट घातलं. पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा आवाज असा झाला की ट्रेविनच्या कोंबड्या सफरचंदाच्या झाडावर चढल्या आणि संध्याकाळी शिडी लावून उतरवाव्या लागल्या. मॉरीननं फोन केला. "राजा, सत्तावीस नंबरची गाय भिंतीकडे तोंड करून उभी आहे. तिला सांग तू कोण आहेस." हंफ्रीनं फोनवरून त्या गायीची माफी मागितली, म्हणजे मॉरीननं फोन तिच्या कानाशी धरला. अपमान हा असा हप्त्याहप्त्यानं येतो.

गाडी जवळपास तयार झाली, तेव्हा मिस्टर ट्रेविन चहाचा मग घेऊन पुन्हा आले. त्यांनी सगळीकडून फेरी मारली, आत वाकून बघितलं, गिअरची दांडी हलवून पाहिली. मग म्हणाले, "छान. आणि मागे कशी घेणार?"

"काय?"

"मागे, हंफ्री. उलटा गिअर. मोटारसायकल मागे जाते का कधी?"

हंफ्रीच्या डोळ्यांपुढून सहा गिअर गेले. सहाच्या सहा पुढे जाणारे. भागाकारात दिशा नसते, हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं.

"अर्थातच मागे जात नाही," तो म्हणाला. "तसंच ठरवलंय. हलकेपणासाठी."

"अस्सं," ट्रेविन म्हणाले. त्यांनी चहाचा घोट घेतला. नौदलातल्या माणसाचा घोट पुष्कळ काही बोलू शकतो.

त्या संध्याकाळी हंफ्रीनं कायदा उघडला, आणि कायदा त्याच्या बाजूनं निघाला. गाडीचं रिकामं वजन चारशे दहा किलोंपेक्षा जास्त असेल तरच तिला मागे जाता आलं पाहिजे. त्याखाली असेल तर सरकारची काही हरकत नाही. हंफ्रीनं गाडी काट्यावर घातली. चारशे सहा. तो रोझलिंडला मिठी मारायला स्वयंपाकघरात धावला.

पण घरी बांधलेली गाडी रस्त्यावर आणायच्या आधी सरकारी तपासणीचं केंद्र होतं आणि त्यात मिस्टर प्राऊज होते. मिस्टर प्राऊज हा अत्यंत सौम्य माणूस. त्यांच्या हातात एक छोटं मोजमापाचं साधन असे आणि गाडीची प्रत्येक कड ते त्यानं तपासत.

"ही कड जरा धारदार आहे, मिस्टर एंडकॉट. रस्त्यावरच्या माणसाला लागू शकते. रबर लावून घ्याल का?"

हंफ्रीनं रबर लावलं. पुढच्या खेपेला, "आवाज थोडा जास्त आहे. मोठा सायलेन्सर बसवाल का?" त्यानं तोही बसवला. मग आरशाची पट्टी, मग सीटबेल्टच्या बोल्टांना टोपणं, मग दिव्याखाली लोखंडी आधार. माणसांना लागू नये म्हणून केलेली प्रत्येक गोष्ट गाडीला जड करत होती, आणि जड झालेली गाडी मागे जात नाही म्हणून बेकायदा ठरत होती. काटा दाखवत होता चारशे सतरा.

त्या आठवड्यात हंफ्रीनं गाडीतलं जे जे निघेल ते काढलं. गालिचा गेला. सीटची गादी जाऊन तिच्या जागी पातळ फोमची पट्टी आली. तो पत्र्यांना भोकं पाडत सुटला. रोझलिंडनं लपवलं नसतं तर चमच्यांनाही पाडली असती. "तू स्वतः का कमी करत नाहीस?" तिनं विचारलं, तेव्हा त्यानं खिन्नपणे सांगितलं की चालवणाऱ्याचं वजन कायद्यात धरत नाहीत.

शेवटच्या खेपेला काटा चारशे नऊवर थांबला. मिस्टर प्राऊजनी चष्मा वर केला. (तो हंफ्रीच्याच दुकानातला होता, पण दोघांनीही सभ्यपणे तो विषय काढला नाही.) "अभिनंदन," ते म्हणाले. "फार सुंदर गाडी आहे. फक्त एक सुचवू का?"

"काय?"

"तुम्ही नेदरकूमकडे राहता ना? पुढे बघून चालवा."

आता डेव्हनच्या बोळरस्त्यांबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची. दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच झुडपांचे बांध, मध्ये एका गाडीपुरती वाट. समोरून कुणी आलं की ज्याच्या मागे बेचकी, म्हणजे गाडी कडेला घेण्यापुरती रुंद जागा, जवळ असेल त्यानं मुकाट्यानं मागे जायचं, दुसऱ्यानं हात वर करून आभार मानायचे. भांडण नाही, हॉर्न नाही. मागे जायला नकार देणारा माणूस या भागात कुणाला माहीत नाही, कारण तसा माणूस इथं टिकलाच नसता. इथली माणसं मागे सरण्यावरूनच एकमेकांची पारख करतात.

लग्नाच्या दिवशी आकाश स्वच्छ होतं. विनिफ्रेडबाई निळा पोशाख, शर्यतीतला जुना चामडी टोप आणि डोळ्यांवर मोठे गॉगल्स घालून बाहेर आल्या. फोमच्या पट्टीवर त्या ऐटीत बसल्या. हंफ्रीनं सुरू केली. इंजिननं आभाळाकडे बघून किंकाळी फोडली आणि विनिफ्रेडबाईंच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. हंफ्रीला ते दिसलं. त्यानं ते कधी विसरायचं नाही असं ठरवलं.

मागून ट्रेविन आपल्या म्हाताऱ्या गाडीतून रोझलिंडला घेऊन येत होते. अर्धी वाट छान गेली. मग ओढ्याकडे उतरणाऱ्या वळणावर समोर एक ट्रॅक्टर दिसला, मागे गवताच्या गठ्ठ्यांची उंच गाडी. वर मॉरीन.

तिनं हात केला. हंफ्रीनं हात केला. दोघंही थांबले. मॉरीन वाट बघत होती. गठ्ठ्यांची गाडी मागे घेणं म्हणजे सर्कस, आणि बेचकी तर हंफ्रीच्या मागे दहा पावलांवर होती. तिनं अदबीनं दिवे चमकवले. हंफ्रीनं आणखी अदबीनं हात हलवला. तो रस्ता उताराचा होता, त्यामुळे गाडी नुसती सोडून दिली तरी पुढेच जाणार.

"मागे घे ना," विनिफ्रेडबाई म्हणाल्या.

हंफ्रीनं मॉरीनकडे बघून पुन्हा हात हलवला.

"हंफ्री."

"ती मागे जात नाही," हंफ्री म्हणाला. "उलटा गिअर नाही तिला."

इंजिन खुळखुळत होतं. मॉरीन खाली उतरून आली. मागून ट्रेविन आणि रोझलिंडही आले. चर्चकडून मोटारसायकलचा आवाज आला. वधूला उशीर का, हे बघायला फिलिपाबाई झगा वर बांधून निघाल्या होत्या. ट्रॅक्टरच्या कडेच्या फटीतून त्या आरपार आल्या.

ट्रेविननं परिस्थिती समजून घेतली आणि टोपी काढली. "विनिफ्रेड, तुम्ही माझ्या गाडीत या. तिला एक गिअर मागे जायचाही आहे. मी फिरवून मुख्य रस्त्यानं नेतो. पाच मिनिटं."

हंफ्रीला मटणाच्या टेबलावरची धमकी आठवली. अर्ध्या वाटेत. अगदी अर्ध्या वाटेत.

विनिफ्रेडबाईंनी गॉगल्स कपाळावर चढवले आणि जावयाकडे बघितलं. "कुणी निवडलं हे इंजिन?"

फिलिपाबाई दोन पावलांवर उभ्या होत्या, आणि बोलायला तोंड उघडत होत्या. सांगणं किती सोपं होतं!

"मी," हंफ्री म्हणाला.

"मागे जात नाही हे ठाऊक असून?"

"नाही. ते नंतर कळलं. तेव्हा फक्त ते मला आवडलं होतं."

विनिफ्रेडबाई हसायला लागल्या. आधी खांदे हलले, मग टोप, मग फोमच्या पट्टीसकट सगळी गाडी. "पन्नास वर्षं," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "लोक मला सांगताहेत, जरा मागे घे, विनिफ्रेड, जरा मागे घे. ट्रेविन, तुमची गाडी छान आहे. मी ह्याच गाडीतून जाणार."

"पण ती हलणार कशी?" रोझलिंड म्हणाली.

हंफ्रीनं गाडीकडे बघितलं. शेतात जायचं फाटक बाजूलाच होतं, उघडं. आणि मग त्याला आपला भागाकार आठवला. वरचा आकडा नव्हे, खालचा.

"उचलू," तो म्हणाला. "चारशे नऊ किलो. मागची बाजू दोनशेच्या आत येते."

"आणि मी?" विनिफ्रेडबाई म्हणाल्या. "मी उतरणार नाही."

"मग दोनशेच्या थोडी पुढे," हंफ्री म्हणाला. त्याचा आवाज कुणाला ओळखूही येऊ नये, अशी त्यात जरब होती. "मॉरीन, डावीकडून. मिस्टर ट्रेविन, पाठ सरळ ठेवा. फिलिपा, तुम्ही मध्ये. एक, दोन—"

गाडीचं बूड अलगद उचललं गेलं, फिरलं आणि फाटकात शिरलं. मग पुढची बाजू. आत बसलेल्या विनिफ्रेडबाई डोलीतल्या नवरीसारख्या हेलकावत होत्या आणि "डावीकडे! अरे, डावीकडे!" असं ओरडत होत्या. नाक रस्त्याकडे, शेपूट शेतात. ट्रेविननं आपली गाडी मागे बेचकीत घेतली आणि मॉरीन ट्रॅक्टर घेऊन पुढे गेली, जाताना तिनं हात वर केला. "राजा, माझी गाय सुद्धा मागे जाते!"

नेदरकूमच्या अलीकडे आणखी एका वळणावर टपालाची व्हॅन समोर आली. हंफ्रीनं आपोआप हात वर केला, माफी मागायला. पण विनिफ्रेडबाई सीटवर उभ्या राहिल्या होत्या, एक हात काचेवर.

"आम्हाला मागे जाता येत नाही!" त्या ओरडल्या. "माझं लग्न आहे!"

व्हॅन तत्परतेनं मागे निघाली. तिच्या मागे जनावरांच्या डॉक्टरची जीप होती, तीही निघाली. जीपच्या मागे केक पोचवून परत निघालेली गाडी. तिघं एकामागोमाग, उलटे, चर्चच्या फाटकापर्यंत गेले, आणि त्यांच्या पाठोपाठ किंचाळत वधू आली. बर्नर्ड पायऱ्यांवर उभे होते. त्यांनी आयुष्यभर जनावरं पारखली होती. त्यांनी गाडीकडे बघितलं, वधूकडे बघितलं आणि टोपी हवेत उडवली.

लग्न लागलं. बाहेर पाहुण्यांनी कागदाचे रंगीत तुकडे उधळले. विनिफ्रेडबाई थेट गाडीकडे आल्या आणि चालवणाऱ्याच्या बाजूनं आत शिरल्या.

"हंफ्री, किल्ली."

"पण—"

"तू चांगली बांधलीस. आता मला बघू दे."

बर्नर्ड शेजारी बसले, गुडघे हनुवटीशी. इंजिननं किंकाळी फोडली, चर्चच्या घंटेला उत्तर दिल्यासारखी, आणि गाडी बोळरस्त्यात दिसेनाशी झाली.

रोझलिंडनं हंफ्रीच्या हातात हात अडकवला. "परत कधी आणून देणार म्हणाली का?"

"नाही."

"आणेल ना?"

हंफ्रीनं बोळरस्त्याकडे मान वळवली. तो ऐकत होता. दरीपलीकडे ती किंकाळी चढत गेली आणि अचानक थांबली. थोडा वेळ शांतता. मग एक लांबलचक, नाखूश, रडका आवाज आला, कुठल्यातरी जड गाडीचा उलटा गिअर पडल्याचा. आणि त्याच्यामागून, पुन्हा, अकरा हजार फेऱ्यांनी, पुढे.